नवी पेठेतला क्यूआय-टू चार्जर: बॉक्सवर १५ वॅट, फोनमध्ये किती?

सोलापूरच्या नवी पेठेतल्या मोबाईलच्या दुकानांत हल्ली काउंटरच्या काचेखाली एक पांढरी गोल चकती दिसतेच, फोन वर ठेवून वायरलेस चार्ज करणारी. आत लोहचुंबक, मागून एक वायर, बॉक्सवर ठळक ‘१५ वॅट’. शेजारच्या महागड्या बॉक्सवर ‘२५ वॅट’. दुकानदार स्वतःचा फोन तिला चिकटवतो, उलटा धरून हलवून दाखवतो. गिऱ्हाईक ‘भारी आहे की ओ’ म्हणतं, किंमत ऐकतं आणि साधी टाईप-सी केबल घेऊन घरी जातं.

त्या गिऱ्हाइकाचं फार चुकत नाही. चकती चांगली आहे, पण ती एकटी काही करू शकत नाही. फोन, कव्हर, चकती, अडॅप्टर आणि खोलीतली उष्णता या पाचही गोष्टी जुळल्या तरच बॉक्सवरचा आकडा खरा ठरतो. त्यातली एक जरी ढिली पडली की काम ७.५ किंवा ५ वॅटवर येतं, फोन तापतो आणि ‘वायरलेसमध्ये काही दम नाही’ असा शिक्का बसतो. या परीक्षणात १५ वॅटची चकती, २५ वॅटची चकती, तीन-एकात स्टँड आणि पाठीला चिकटणारी पॉवर बँक अशा चारही वस्तू घेतल्या आहेत.

आधी नावाचा घोळ. Qi या वायरलेस चार्जिंगच्या मानकाच्या नावाचा खरा उच्चार ‘ची’ असा आहे, पण मराठीत ‘ची’ म्हणजे षष्ठीचा प्रत्यय. ‘ची-टूची चकती द्या’ कोण म्हणणार? म्हणून दुकानात सगळे ‘क्यूआय-टू’ म्हणतात, किंवा सरळ ‘मॅगसेफ’. मॅगसेफ हे ॲपलचं नाव, पण झेरॉक्ससारखं ते आता कुठल्याही चिकटणाऱ्या चार्जरला लागलं आहे आणि फसगत तिथूनच सुरू होते. ‘मॅगसेफ टाईप’, ‘मॅग्नेटिक वायरलेस’, ‘क्यूआय-टू कम्पॅटिबल’ या तिन्हीचा अर्थ एवढाच की त्यात चुंबक आहे. क्यूआय-टूचं प्रमाणपत्र वेगळं. ते वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम ही मानक ठरवणारी संघटना देते आणि प्रमाणित वस्तूंची यादी त्यांच्या संकेतस्थळावर उघडी असते. बॉक्सवरचा ब्रँड आणि मॉडेल नंबर तिथे टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. यादीत नसलेली चकती आयफोनला बहुतेक वेळा ७.५ वॅटच देते, मग बॉक्सवर काहीही छापलेलं असो.

चुंबक कशासाठी

घरातली इंडक्शन शेगडी आणि ही चकती यांचं तत्त्व एकच. चकतीत तांब्याच्या तारेची कॉइल, फोनच्या पाठीत तशीच दुसरी. पहिलीतून वेगाने दिशा बदलणारा प्रवाह गेला की दुसरीत वीज तयार होते. जुन्या क्यूआय पॅडवर, म्हणजे २०१० पासून चालत आलेल्या प्रकारात, फोन नेमका कुठे ठेवायचा हे अंदाजाने ठरवावं लागे. कॉइल काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकली की निम्मी वीज वाया. रात्री मेसेज आला, फोन थरथरला, पॅडवरून थोडा घसरला आणि सकाळी बॅटरी २३ टक्के, ही तक्रार त्या पॅडची.

ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ च्या पाठीत चुंबकांची कडी घातली आणि हा प्रश्न सुटला. २०२३ च्या जानेवारीत तीच रचना सगळ्यांसाठी खुली करून क्यूआय-टू जाहीर झालं. त्या वर्षअखेरीस चार्जर बाजारात यायला लागले. चुंबक फोनला नेमक्या जागी ओढून धरतो, तर चार्जर ३६० किलोहर्ट्झवर (प्रवाहाने दिशा बदलण्याचा हा वेग) चालतो. आयफोनचं जुनं ७.५ वॅटचं काम साधारण १२८ किलोहर्ट्झवर व्हायचं. २०२५ च्या जुलैमध्ये याचीच २५ वॅटची पुढची पायरी आली. एवढा इतिहास पुरे.

तुमच्या फोनला ते चालतं का

पहिला अडसर हाच आणि तो सगळ्यात मोठा. सोलापुरात जास्त खपणारे फोन वीस हजारांच्या आतले, त्यातल्या बहुतेकांत कॉइलच नसते. त्या फोनच्या बॉक्समध्ये बहुधा ३३, ६७ किंवा ८० वॅटचा वायरचा चार्जर फुकट येतो आणि तो तासाभरात बॅटरी भरतो. अशा माणसाला दोन-तीन हजारांची चकती विकणं म्हणजे विहीर असताना टँकर मागवणं. इन्फिनिक्सने २०२४ च्या एप्रिलमध्ये नोट ४० प्रो ५जी आणला तेव्हा बावीस हजारांच्या आसपास २० वॅटचं चुंबकी वायरलेस मिळालं. त्या किमतीत तो अपवादच.

आयफोन १३ आणि १४ ला आयओएस १७.२ पासून, १२ ला १७.४ पासून आणि १५ ला पहिल्या दिवसापासून क्यूआय-टूचे १५ वॅट मिळतात. १२ मिनी आणि १३ मिनीला १२ वॅटची मर्यादा आहे. आयफोन ८ पासून ११ पर्यंत आणि २०२० व २०२२ चे एसई ७.५ वरच राहतात. १६ई मध्ये चुंबक नाही, तोही ७.५ वर. आयफोन १६ मालिकेतले चार फोन आयओएस २६ टाकल्यावर क्यूआय-टूच्या चकतीवर २५ वॅटपर्यंत जातात. १७ ला ते आधीपासून आहे, तर आयफोन एअर २० वॅटवर थांबतो. गुगलच्या पिक्सेल १० मध्ये चुंबक आतच आहेत, पण २५ वॅट फक्त १० प्रो एक्सएलला. बाकीचे १५ वर.

सॅमसंगच्या एस२५ मालिकेला ‘क्यूआय-टू रेडी’ म्हणतात. त्याचा अर्थ चुंबक फोनमध्ये नाही, चुंबकवालं कव्हर वेगळं घ्यायचं. वनप्लस १२ आणि १३ च्या ५० वॅटची जाहिरात वाचून क्यूआय-टूची चकती घेतली तर पस्तावाल. तो वेग त्यांच्या एअरवूक चार्जरवरच मिळतो, बाकी पॅडवर फोन बराच हळू चालतो.

आणि एक चूक काउंटरवर रोज होते: पन्नास-शंभर रुपयांची धातूची गोल रिंग साध्या फोनच्या कव्हरला चिकटवायची आणि चार्जिंगची वाट बघायची. रिंगमुळे फोन चिकटतो. आत कॉइल नसेल तर चार्ज होत नाही, कितीही वेळ ठेवा. टाईप-सीच्या तोंडात खोचून पाठीला लावायचा पातळ रिसीव्हर मिळतो, पण तो ५ वॅटच्या घरातला, पोर्ट अडवून बसतो आणि कव्हरखाली तापतो. त्यापेक्षा वायर बरी.

अडॅप्टर, म्हणजे खरा खर्च

चकतीच्या बॉक्समध्ये अडॅप्टर बहुधा नसतो, ॲपलच्या फोनच्या बॉक्समध्येही २०२० पासून नाही. मग घरात पडलेला अडॅप्टर शोधला जातो आणि निम्म्या तक्रारी इथे जन्म घेतात.

घरातला अडॅप्टर ६७ किंवा ८० वॅटचा असला तरी उपयोग होईलच असं नाही. त्यातल्या अनेकांचं तोंड जुनं चौकोनी यूएसबी-ए असतं, चकतीच्या वायरचं टोक टाईप-सी. ते बसत नाही म्हणून वीस रुपयांचा कन्व्हर्टर लावला जातो. त्या अडॅप्टरचा वेग त्या कंपनीच्या फोनशी ठरलेल्या खुणेवर चालतो. चकतीला ती खूण माहीत नसते, म्हणून अडॅप्टर तिला साधे ५ व्होल्ट देतो. चकती एकतर लाल-हिरवी लुकलुकते, नाहीतर ५ वॅटवर रात्रभर रखडते. गिऱ्हाईक म्हणतं, ‘८० वॅट लावलं तरी स्लोच आहे.’

लागतो तो यूएसबी पीडी (पॉवर डिलिव्हरी, सगळ्या कंपन्यांना समजणारी खूण) अडॅप्टर, टाईप-सी तोंडाचा. त्याच्या पोटावर बारीक अक्षरांत आउटपुटची ओळ असते, ती वाचा. १५ वॅटच्या चकतीसाठी ‘९ व्होल्ट, २.२२ अँपिअर’ हवं. ९ गुणिले २.२२ म्हणजे २० वॅट. २५ वॅटच्या चकतीला किमान ३० वॅटचा हवा, ३५ ते ४५ चा घेतला तर हात मोकळा राहतो. ओळीत फक्त ‘५ व्होल्ट, ३ अँपिअर’ असेल तर तो बाजूला ठेवा.

दोन तोंडांचा ३५ वॅटचा अडॅप्टर घेतला तर आणखी एक गंमत. एका तोंडाला चकती आहे, सगळं सुरळीत आहे. दुसऱ्या तोंडाला कुणी इयरबड लावले की अडॅप्टर वाटणी करतो. दोन्ही तोंडं क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतात आणि चकतीच्या वाट्याला पूर्वीपेक्षा कमी येतं. फोन ‘टुंग’ वाजून परत चार्जिंगला लागला की घरच्यांना वाटतं चकती बिघडली.

अडॅप्टर आणि पॉवर बँकवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर बॉक्स परत द्या. ऑनलाइन मागवलेल्या काही अडॅप्टरना चपट्या अमेरिकन पिना असतात. त्यांना कन्व्हर्टर लावून ढिल्या सॉकेटात खोचलं की जड अडॅप्टर खाली झुकतो आणि ठिणग्या उडतात. अक्कलकोट रोडकडच्या यंत्रमागाच्या भागात लाईट दिवसातून चार वेळा लपकणार असेल तर हे आणखी वाईट. व्होल्टेज कमी झाल्याने अडॅप्टरचं काही बिघडत नाही, तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो. ढिल्या सॉकेटातल्या ठिणगीने बिघडतं.

आता वायरीची लांबी. ही गोष्ट कुठल्याच परदेशी परीक्षणात सापडत नाही, कारण त्यांचे सॉकेट जमिनीलगत असतात. आपल्याकडे स्विचबोर्ड जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर. चकतीची वायर एक मीटर, म्हणजे सव्वातीन फूट. बोर्डातून निघालेली वायर पलंगापर्यंत पोचतच नाही. फोन चुंबकाच्या भरवशावर भिंतीवर लोंबतो आणि पहाटे धाडकन खाली. दोन मीटरची वायर घ्या, नाहीतर चांगला एक्स्टेन्शन बोर्ड. जमलं तर जिच्या मागे टाईप-सीचं भोक आहे आणि वायर वेगळी निघते अशी चकती निवडा. जोडलेली वायर मुळाशी तुटली की पूर्ण चकती भंगारात जाते.

आता बेरीज मांडा: प्रमाणित चकती, पीडी अडॅप्टर, लांब वायर, चुंबकवालं कव्हर. बॉक्सवरची किंमत ही या यादीतली पहिली ओळ फक्त.

कव्हर आणि कव्हरमागचा संसार

कव्हर तीन मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर चुंबकाची पकड आणि विजेचा वेग दोन्ही उतरतात. चुंबकी कडी नसलेलं पातळ सिलिकॉनही पकड सैल करतं. स्टँडवर उभा ठेवलेला फोन हळूहळू खाली सरकतो.

खरी अडचण पारदर्शक कव्हरच्या मागे जे ठेवतात त्याची. अक्कलकोटच्या स्वामींचा कागदी फोटो असेल तर वीज त्यातून आरपार जाते, फक्त अंतर किंचित वाढतं. पण सोनेरी पत्र्याचं यंत्र, धातूचा छाप असलेली तसबीर, दहाचं नाणं किंवा सेफ्टी पिन असेल तर तो पत्रा शेगडीवरच्या तव्यासारखा तापतो. चार्जरला हे ओळखता येतं. चकती किती वीज पाठवते आणि फोन किती मिळाली म्हणून कळवतो, यातली तूट ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की ती काम थांबवते. दिवा लुकलुकत असेल तर चार्जरला शिव्या देण्याआधी कव्हर काढून बघा. स्वस्त, विनाप्रमाणित चकत्यांमध्ये ही तपासणी कच्ची असते आणि कव्हरला गोल पिवळा डाग पडल्यावरच कळतं.

गाडीतल्या मॅग्नेट होल्डरसाठी कव्हरच्या आत चिकटवलेली लोखंडी पट्टी हा तर हमखास गुन्हेगार. ती बरोबर कॉइलच्या मधोमध बसलेली असते. वायरलेस हवं असेल तर ती काढावीच लागते, तोडगा नाही. बोटात अडकवायची धातूची रिंग, तिचंही तेच. चुंबकी पट्टीचं एटीएम कार्ड फोन आणि चकतीच्या मध्ये ठेवू नका, पट्टी खराब होते.

एप्रिल-मे

ही चकती ज्यांनी घडवली त्यांच्या डोळ्यांसमोर एसी खोली होती. ॲपल आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंशांचं तापमान सांगतं. सोलापुरात मार्च सरता सरता पारा ४० ला टेकतो, एप्रिल-मेमध्ये ४२-४३ होतो, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरालाही आग ओकत असतो.

वायरने चार्ज करताना भिंतीतून घेतलेल्या विजेतली साधारण ८५ टक्के बॅटरीत जाते. वायरलेसमध्ये अडॅप्टरपासून मोजलं तर जुळणी चांगली असताना ७५ टक्क्यांच्या आसपास, वाकडी असेल तर ५० च्याही खाली. उरलेलं सगळं उष्णता. १५ वॅट पोचवायला १९-२० वॅट लागतात, म्हणजे चार-पाच वॅट चकतीत आणि फोनच्या पाठीत मिळून जिरतात, तेही नेमके बॅटरीला लागून. फोन ठरावीक तापमानापलीकडे गेला की आधी वेग कमी करतो, मग ८० टक्क्यांवर थांबतो किंवा ‘तापमान उतरल्यावर चार्जिंग सुरू होईल’ असं सांगून बसतो. हा बिघाड समजून चकती परत करायला येणारी गिऱ्हाइकं उन्हाळ्यात वाढतात. बिघाड नाही तो. फोन स्वतःला वाचवतो आहे.

२५ वॅटच्या चकतीचा प्रश्न इथेच अडतो. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ३० वॅटच्या अडॅप्टरवर आयफोन १६ अर्ध्या तासात ५० टक्के होतो, म्हणजे वायरच्या २० वॅटशी बरोबरी. डिसेंबरात किंवा जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ते जमण्यासारखं आहे. मे महिन्यात पंख्याच्या गरम वाऱ्यात ती काही मिनिटं २५ चालते आणि मग उतरत उतरत १५ च्या शेजारी येऊन बसते. जास्तीचे हजार-दोन हजार वर्षातल्या चार महिन्यांसाठी द्यायचे का, हे ज्याने त्याने बघावं. आमच्या मते घरात एसी नसेल तर १५ वॅटचीच घ्या. पंखा बसवलेल्या चकत्याही मिळतात. वेग टिकतो खरा, पण रात्री घूं घूं ऐकू येतं आणि जाळीत धूळ बसते.

जागा बदलली तरी बराच फरक पडतो. फोन आणि चकती गादीवर, वर सोलापुरी चादर, हा सगळ्यात वाईट प्रकार. जॅकार्डची जाड सुती चादर थंडीत ऊब धरते, ती चार्जरचीही धरणारच. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवा (आयफोनला ती १५ पासून आहे). शेवटच्या वीस टक्क्यांना वेळही जास्त लागतो आणि उष्णताही तेव्हाच बॅटरीला जास्त बाधते. निजताना लावण्याऐवजी पहाटे पाचला उठल्यावर लावला तर खोली पाच-सहा अंशांनी थंड असते.

वीजबिलाची भीती

ही भीती दुकानात बरेचदा ऐकू येते आणि ती फुसकी आहे. आयफोन १५ ची बॅटरी १३ वॅट-अवरची. रोज पूर्ण भरली असं धरलं तर वायरने भिंतीतून साधारण १५ वॅट-अवर जातात, वायरलेसने २०. फरक रोजचा ५, वर्षाचा दोन युनिटपेक्षा कमी (एक युनिट म्हणजे हजार वॅट-अवर). दहा रुपये युनिट धरा, वीस रुपयेसुद्धा होत नाहीत. उलट चकती वर्षभर बोर्डात तशीच लावून ठेवली आणि ती रिकामी असताना ०.३ वॅट जरी खात असेल तर अडीच युनिट त्यातच गेले. बटण बंद करा, विषय संपला.

तीन-एकात स्टँड आणि पॉवर बँक

फोन, घड्याळ आणि इयरबड एकत्र चार्ज करणारा स्टँड दिसायला सुरेख, लग्नाच्या अहेरात द्यायला उत्तम. पण फोनला १५, घड्याळाला ५, बड्सना ५ असे २५ वॅट पोचवायचे तर मागे ३६ ते ४५ वॅटचा अडॅप्टर हवा. २० वॅटचा लावला की फोन आधी कात्रीत सापडतो. ॲपल वॉच सिरीज ७ आणि पुढच्या घड्याळांचं वेगवान चार्जिंग सगळ्याच स्टँडवर मिळत नाही. बॉक्सवर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाही असंच समजा. पाचपैकी अडीच.

चुंबकी पॉवर बँकचं गणित लोक मिलीअँपिअरमध्ये करतात आणि फसतात. ५००० मिलीअँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे १८.५ वॅट-अवर. आतला व्होल्टेज बदल आणि हवेतली गळती जाऊन फोनच्या बॅटरीत १० ते ११ पोचतात. १३ वॅट-अवरचा फोन एकदाही पूर्ण भरत नाही. १०,००० वाली घेतली तर दीड वेळ, पण वजन फोनपेक्षा जड. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या रात्रीच्या प्रवासात ती खिशात सुटसुटीत वाटते. तरीही निजताना तिलाच छोटी केबल जोडून चार्ज केलं तर त्याच पॉवर बँकेतून बरंच जास्त मिळतं. पेसमेकर बसवलेल्या माणसाने शर्टाच्या वरच्या खिशात हे प्रकरण मुळीच ठेवू नये. ॲपलचाच सल्ला आहे: चुंबकवाला फोन आणि चार्जर १५ सेंटिमीटर लांब, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटर.

गाडीवर

चारचाकीत मे महिन्यातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे एसीच्या जाळीवर लावायची चकती. थंड वारा थेट फोनच्या पाठीवर येतो आणि सोलापूर-पुणे रस्त्यावर नकाशा चालू ठेवूनही चार्जिंग पुढे सरकतं. डॅशबोर्डावर काचेमागच्या उन्हात लावली तर टेंभुर्णीच्या आत फोन हात टेकतो. गाडीसोबत आलेल्या सपाट पॅडना बहुधा चुंबक नसतो. वळणावर फोन सरकतो, चार्जिंग तुटतं-जुळतं आणि तापतो मात्र भरपूर.

दुचाकीच्या हँडलवर आयफोन लावून चार्ज करायचा विचार असेल तर तो सोडा. इंजिनच्या थरथरीने कॅमेऱ्यातली स्थिरतेची यंत्रणा खराब होऊ शकते, असं ॲपलने २०२१ मध्येच सांगितलं आहे.

काउंटरवर तपासायचं कसं

फोन ५० टक्क्यांच्या खाली असताना दुकानात जा. भरलेला फोन कुठल्याच चार्जरवर वेगाने घेत नाही. स्वतःचं कव्हर आणि स्वतःचा अडॅप्टर सोबत न्या. ‘अण्णा, माझ्याच अडॅप्टरवर लावून दाखवा,’ एवढं म्हटलं की अर्धी परीक्षा झाली. आयफोनच्या पडद्यावर मोठं वर्तुळ उमटलं तर चुंबक ओळखला गेला. नुसतं छोटं हिरवं बॅटरीचं चिन्ह आलं तर ती साधी क्यूआय चकती आहे. आयओएस १८ पासून बॅटरीच्या पानावर ‘स्लो चार्जर’ अशी नोंदही दिसते. दुकानात टाईप-सीचा छोटा पॉवर मीटर असेल तर तो अडॅप्टर आणि चकतीच्या मध्ये लावायला सांगा. ५ व्होल्टवरच अडकला तर जुळणी झाली नाही. ९ व्होल्ट आणि २ अँपिअरच्या आसपास दिसलं तर पैसे द्यायला हरकत नाही. पाच मिनिटं तसंच ठेवा, मग कव्हर काढून चकतीच्या जागी बोट लावा. कोमट चालेल, चटका बसला तर नको. बिल जीएसटीचं घ्या, वॉरंटीसाठी नुसत्या बॉक्सवरचा शिक्का पुढे कोणी मानत नाही.

मग घ्यावी कुणी

आयफोन १२ किंवा त्याच्या पुढचा (१६ई सोडून) किंवा पिक्सेल १० असलेल्याने १५ वॅटची प्रमाणित चकती घ्यावी, पाचपैकी साडेतीन. २५ वॅटला एसी खोलीत चार, नसेल तर तीन. पॉवर बँकेला तीन. दुकानाच्या गल्ल्याजवळ दिवसातून तीस वेळा फोन उचलून ठेवणाऱ्याला ही चकती फार मानवते: वायर काढा-घाला नाही आणि थोडं थोडं भरत राहतं.

सोलापुरात तिची एक बाजू भक्कम आहे आणि ती कुठल्याच बॉक्सवर छापलेली नसते. यंत्रमागावर, टॉवेलच्या शिलाईवर, चाटी गल्लीतल्या कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्यांच्या फोनच्या चार्जिंग पोर्टात सुताचे बारीक तंतू दाबून बसतात. केबल पूर्ण आत जात नाही, हलवून हलवून लावावी लागते, मग पिना झिजतात आणि पोर्ट बदलण्याचा खर्च येतो. पावसाळ्यात पोर्टात पाणी गेल्याची सूचना आली तरी तासन्तास वायर लावता येत नाही. दोन्ही वेळा पाठ कोरडी पुसून फोन चकतीवर ठेवला की काम भागतं. अशा ठिकाणी ७.५ वॅटनेही भागतं, कारण पाळी आठ तासांची असते. फक्त चकती मागाच्या चौकटीला चिकटवू नका, लोखंडाने चुंबकाची आणि विजेची दोन्हीची ओढाताण होते. उन्हापासून लांब, शहाबादी फरशीच्या कोनाड्यात सपाट ठेवा, आणि आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने वरचे तंतू पुसा.